बोर्डावरचं कुंकू

चौसाळा. दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ.

बोर्ड मेलाच नव्हता. मग सकाळी आईला एवढं बोललो कावून?

पाण्याची टाकी भरली की भोंगा वाजवायचा, एवढंच त्या सर्किट बोर्डाचं काम. पण मी स्वतः जुळवलेला. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन पुजायला काढलं, तेव्हा आईनं तोही भिंतीवरून काढायला लावला. "हे बी तुझं हत्यारच हाय की," म्हणाली. इतकी वर्षं त्याला खेळणं म्हणायची! हळद-कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

आज सकाळी परत बॅटरीच्या वायरी जोडल्या, तर बोर्डावरचा दिवा लागेना. पिनांमध्ये कुंकू दिसलं आणि डोकंच फिरलं. "वाटोळं केलंस! तुला काय कळतं त्यातलं?" ती आत निघून गेली.

मग स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन कुंकू काढत बसलो. तरी दिवा न्हाई. शेवटी मीटर लावला. बॅटरीचा व्होल्टेज कमी करणारा काळा तुकडा जळालेला. कोरड्या कुंकवानं तो कसा जळेल? वायरी बघितल्या. लाल काळीच्या जागी, काळी लालच्या. जोडल्या कोणी? मीच. तो जळका तुकडा वगळून बोर्ड थेट मोबाइलच्या चार्जरवर लावला, तर लगेच दिवा लागला.

सांगायला आत गेलो. आई ओल्या फडक्यानं शिलाई मशीनवरचं कुंकू पुसत होती.

"ह्याला बी काही व्हायला नको, बाबा," म्हणाली.

बोर्डाचा दिवा जळतोय. तिला अजून सांगितलेलं न्हाई.