आलेखात नसलेला माणूस

डार्मश्टाट,
१४ सप्टेंबर २००९

प्रिय हृषिकेश,

तुम्ही दोघं आणि बाळ मजेत असाल. इकडे ऊर्मिला बरी आहे. शिवांगी शाळेत जाते आणि मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. झालं, क्षेमकुशल संपलं.

आधी कंपनीची मजा ऐक. तू गेलास आणि आमचं 'कुर्त्सआर्बाइट' सुरू झालं. आठवड्याला तीन दिवस काम, आणि बुडालेल्या दोन दिवसांच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकार भरतं. कोणाला काढायचं नाही, सगळ्यांनी थोडं कमी काम करायचं. केवढी ही माणुसकी! श्मिट शुक्रवारी मासे धरायला जातो. वेबरने बागेत लाकडी खोपटं बांधलं, रंगवलं, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा रंगवलं. आणि कँटीनमध्ये दोघं माना हलवतात, काय कठीण काळ आलाय! मीही हलवतो.

मार्चमध्ये रिकाम्या दिवसांसाठी सरकारी खर्चाने एक कोर्स झाला. टायवाल्या गुरुजींनी पडद्यावर आलेख लावला. "स्पेनची बेकारी बघा, भिंतीसारखी चढली. तिथे तरुण पोरं तात्पुरत्या करारावर, मंदी आली की घरी. डेन्मार्कवाले काढतात पटकन, पण भत्ता देतात, नवं काम शोधून देतात. आणि आपण? आपली रेघ जवळजवळ आडवी!" लोकांनी टेबलं ठोकून दाद दिली.

आमची पिलार स्पेनमधल्या वॅलेन्सियाची, तिचा भाऊ त्या भिंतीत आहे. तिने विचारलं, "तात्पुरते लोक इथेही होते की. ते कुठल्या रेघेत?"

"हं, तो वेगळा विषय," गुरुजी म्हणाले.

वेगळाच. तुझा दोन वर्षांचा करार डिसेंबरात संपला. कोणी तुला काढलं नाही, फक्त पुढे ठेवलं नाही. नोकरीमागोमाग व्हिसा गेला आणि ऋचाला सातवा महिना असताना तुम्ही नाशिकला परतलात. जो देशातच नाही, तो बेकार कसा? रेघ आडवीच. पिलारने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी आणायला उठलो.

तू मेलमध्ये लिहिलंस, "कोणाचाच दोष नाही रे, नियमच तसे." इतका भाबडेपणा बरा नव्हे. नियम एवढाच होता, दोन वर्षांनी कायम करा नाहीतर सोडा. नियमाने तुझं नाव घेतलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आपल्या साहेबाने, क्रेमरने, मला केबिनमध्ये बोलावलं. तू माझ्या गटातला, म्हणून शेरा माझा. म्हणाला, "हवा असेल तर तसं लिहा. वरती मी भांडतो." हे मी तुला कधीच सांगितलं नाही. विमानतळावर मी एचआरवाल्यांना शिव्या घालत होतो आणि तूच माझ्या पाठीवर हात ठेवून समजूत काढत होतास.

मी लिहिलं होतं, 'एन्टबेअरलिश'. नसला तरी चालेल.

माझी नोकरी धोक्यात नव्हती. कायमच्या माणसाला इथे हलवणं किती अवघड असतं, ते मला माहीत होतं. मला फक्त क्रेमरच्या नजरेत 'आपल्या माणसाची बाजू घेणारा' ठरायचं नव्हतं. बस, एवढ्यासाठी. श्मिटला हसतो मी, पण त्याने निदान मासेच मारले.

आता आजचं. जुन्या गाड्या मोडीत काढायला सरकारने पैसे दिले, छोट्या गाड्या खपल्या, आमच्या गाड्यांच्या सीटच्या ऑर्डरी परत आल्या. सकाळी क्रेमर म्हणाला, "तुमच्या मित्राला विचारा ना. सीट ज्यावर सरकते ती रेल त्याच्याइतकी कोणाला कळत नाही. प्रोजेक्टपुरतं, दहा महिने."

"कायम का नाही?"

तो हसला. "दहा महिन्यांनी बघू."

मी म्हटलं, "मग तुम्हीच विचारा." मोठा शूर! दुपारी लक्षात आलं, तुझ्यापासून हे लपवणं म्हणजे पुन्हा तोच शेरा. तुला अजून काम मिळालेलं नाही, हे ऋचाने ऊर्मिलाला फोनवर सांगितलंय. तू लिहीत नाहीस.

येऊ नकोस म्हणायचा मला अधिकार नाही, आणि ये म्हणायला तोंड नाही. आलास तर माझ्याच गटात येशील, आणि दहा महिन्यांनी शेरा मलाच मागतील. या वेळी नीट लिहीन, असं वचन देणार नाही. माझ्या शब्दाची किंमत काय असते, ते तुझ्या घराने भोगलंय. ठरवशील ते हे सगळं वाचून ठरव. ऋचालाही वाचून दाखव.

बाळाला आशीर्वाद लिहिणार होतो. हात धजला नाही.

ज्याने तुझ्या नावापुढे तो शब्द लिहिला तो,
श्रीधर