वगळलेला फोल्डर

प्रिय इंजिनिअरबाई,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट उघडशील की तसंच बाजूला ठेवशील, इथूनच माझी धाकधूक सुरू झाली आहे. पत्ता तुझ्या ताईंनी दिला. औषधांच्या दुकानात भेटल्या होत्या. आधी त्यांनी मला ओळखलं नाही, आणि ओळखलं तेव्हा चेहरा बदलला. तरी भल्या बाई, पिशवीतल्या पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. तू आता तंत्रशाळेत शिकवतेस म्हणे. मुलांना मोटार उघडायला लावतेस आणि हात काळे झाल्याशिवाय वर्गाबाहेर सोडत नाहीस, हे ऐकून मी रस्त्यातच हसले. 

ऑफिसबद्दल लिहिते, म्हणजे हात चालू होईल. जुने साहेब निवृत्त झाले, आता सगळं त्यांची सून बघते. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. हुशार आहेत, आवाज चढवत नाहीत, पण कुठलाही कागद मागितला की घड्याळाकडे बघतात. तपासणीचे अहवाल, देखभालीचे करार, सुट्या भागांच्या याद्या, सगळं आता कॉम्प्युटरवर आहे, आणि ते कुठे आहे हे फक्त मला माहीत. कुणाला चार वर्षांपूर्वीचा लिफ्टच्या दोराचा दाखला हवा असला की, "फाईलवाली कुठंय? जेवायला गेली? मग बसा!" हे तुला आठवत असेल. तेव्हा तू म्हणायचीस, या बाईला ताप आला तर गावातल्या अर्ध्या लिफ्ट बंद पडतील. मला ते फार आवडायचं. मॅडमना नाही आवडलं. त्या म्हणाल्या, "माणूस रजेवर गेला म्हणून कागद रजेवर जाता कामा नये." आणि त्यांनी शोधयंत्रणा बसवायचं ठरवलं.

कॉम्प्युटरवाले गृहस्थ आले, पन्नाशीचे, जाड काचांचा चष्मा, दर दोन वाक्यांनी "सोपं आहे हो." त्यांनी मला समजावलं, ते तुझ्यासारखंच, पेन उलटं धरून टेबलावर टकटक करत. हा प्रोग्रॅम एकदा सगळ्या फायली उघडून वाचतो, प्रत्येक शब्द कुठल्या फाईलमध्ये आहे याची सूची करून ठेवतो, आणि मग तुम्ही शब्द टाकलात की क्षणात फाईल समोर. मी विचारलं, फाईलचं नाव चुकीचं असलं तर? ते हसले. "नाव विसरा बाई. आतला एक शब्द आठवला तरी पुरे." बोलता बोलता त्यांनी कुठले फोल्डर घ्यायचे, त्याची यादी पडद्यावर उघडली, आणि विचारलं, "यातलं काही वगळायचं आहे?"

माझं बोट आपोआप उठलं. 'अपूर्ण' नावाचा जुना फोल्डर. त्यात काही नाही, म्हटलं, अर्धवट टाईप केलेला कचरा आहे. त्यांनी खूण काढून टाकली आणि पुढे गेले. इतकंच. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मी मात्र हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

सूची व्हायला दोन दिवस लागले. कॉम्प्युटर इतका मंद झाला की एक पत्र उघडेपर्यंत आपलं नाव निवृत्तांच्या यादीत जाईल, असं हिशेबनीस म्हणाला. खाली कोपऱ्यात आकडा चढत होता, चाळीस हजार, साठ हजार, लाखाच्या वर. तिसऱ्या दिवशी सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. कुणी स्वतःचं नाव टाकून पाहिलं, कुणी 'पंखा' टाकून पाहिलं. हिशेबनिसाचा नऊ वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज निघाला, त्यात 'पोटात' ऐवजी 'पोत्यात दुखत आहे' असं होतं. मॅडमसुद्धा हसल्या. मी हसले, आणि मनात एकच, आता कुणीतरी त्या इमारतीचं नाव टाकेल.

कुठली इमारत, ते तुला सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना. लिफ्टचा ब्रेक झिजलाय, ती आजच बंद करा, असा अहवाल गुरुवारी सकाळी ऑफिसात दिला, असं तू सांगत होतीस. शनिवारी ती दुसऱ्या मजल्यावरून घसरत खाली खड्ड्यात बसली. आत निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी होत्या. मास्तरांचा गुडघा कायमचा गेला. सोमवारी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. तुझ्या डायरीत 'अहवाल दिला' अशी नोंद होती, साहेब म्हणाले, डायरीत मागाहूनही लिहिता येतं. मग त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "माझ्या टेबलावर आला नाही." तू माझ्याकडे पाहिलंस.  तू भांडली असतीस तर बरं झालं असतं गं. महिनाभरात तुझा तपासणीचा परवाना गेला आणि तुझ्या टेबलावर प्रिंटर आला.

त्या गुरुवारचं मला काय आठवत होतं ते आज खरं लिहिते. तू हातानं लिहिलेली दोन पानं दिलीस, उभ्या उभ्या म्हणालीस, हे आधी कर. मी टाईप करायला बसले. तेवढ्यात शाळेतून फोन, माझी लेक जिन्यावरून पडली, हनुवटी फाटलीय, लगेच या. ती तेव्हा चौथीत होती. मी उठले, पर्स घेतली आणि पळाले. फाईल कुठे ठेवली, ठेवली की नाही, काही कळत नव्हतं. शुक्रवार-शनिवार रजेवर. सोमवारी आले तर तुझी पानं नव्हती, नेहमीप्रमाणे मीच ती फाडायच्या टोपलीत टाकली असणार आणि टोपली रिकामी झालेली. त्या इमारतीच्या फोल्डरमध्ये पाहिलं, काही नाही. साहेबांनी हाक मारली तोवर मी मनाला पटवू पाहत होते की तू पानं दिलीच नसशील, मला भास होत असेल. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते.

शोधयंत्रणा सुरू झाल्यावर दहा दिवस मला नीट जेवण गेलं नाही. मागच्या टेबलावर कळफलक वाजला की मान वळायची. लेक म्हणाली, आई, तू दार लावलंस का हे तिसऱ्यांदा बघतेयस. मॅडमनी एकदा नुसतं "जरा आत या" म्हटलं तर मी पर्स उचलूनच आत गेले, आणि त्यांना फक्त पाण्याच्या यंत्राच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर हवा होता. मी स्वतःला समजावत होते की तो फोल्डर तर वगळलाय. पण मग मी तोच का वगळला? त्यात कचराच असता तर माझं बोट का उठलं असतं? हा प्रश्न मला जेवताना, भांडी घासताना, रांगेत उभी असताना पडायला लागला.

मागच्या मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी ती यादी उघडली आणि 'अपूर्ण'समोर खूण केली. चारशे अकरा फायली. वीस मिनिटं लागली. इमारतीचं नाव टाकलं, जुने करार आणि पावत्या आल्या, 'अपूर्ण'मधलं काही नाही. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. 'ब्रेक' टाकलं तर सबंध ऑफिसातले शेकडो कागद. मग मला तुझा शब्द आठवला. तू नेहमी 'तात्काळ' लिहायचीस, मी दरवेळी तो 'तत्काळ' करायचे, आणि तू म्हणायचीस, काना काढून लिफ्ट लवकर थांबते का? मी 'तात्काळ' टाकलं. एकच फाईल आली. नाव 'दस्तऐवज ४'. गुरुवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. इमारतीच्या नावाची जागा मोकळी होती, ते मी शेवटी भरते ना, ते राहून गेलं होतं. खाली तुझी ओळ, 'ब्रेकचे अस्तर पूर्ण झिजले आहे, लिफ्ट तात्काळ बंद ठेवावी.' काना तसाच होता. दुरुस्त करायलाही मला वेळ झाला नव्हता.

मी ती छापली. पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं आणि माझं बोट त्याच्यावर गेलंही होतं, हे तुला कळायला हवं. मग मी मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा वर्षं तुम्ही कुठं होतात?" मी म्हटलं, "इथंच. याच खुर्चीत." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, पण नजर नाही दिली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मास्तरांच्या घरी जाऊन आल्या. मीही जाणार आहे, ते दार उघडतील की नाही माहीत नाही. मला कामावरून दूर केलंय, चौकशी होईल. लेकीला सांगितलं. ती हनुवटीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" तिला नाही म्हणून पटवायला मला दोन दिवस लागले, आणि अजून तिला ते पूर्ण पटलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आठवड्याभरात तुला ऑफिसचं पत्र येईल, सोबत परवाना देणाऱ्या मंडळाला पाठवलेल्या अर्जाची प्रत असेल. तुझं नाव स्वच्छ होईल, परवाना परत मिळायला हरकत नसावी असं वकील म्हणतात. त्या पत्राचा मसुदा मला दाखवला होता. त्यात लिहिलंय की सदर अहवाल कर्मचाऱ्याकडून 'अनवधानाने' गहाळ झाला. मी तो शब्द काढायला सांगितला, मॅडम म्हणाल्या, सासऱ्यांचंही नाव आहे, राहू दे. म्हणून हे पत्र आधी पोचायला हवं. फाईल चुकीच्या जागी गेली, ते अनवधानानं. पण त्या सोमवारी सगळ्यांसमोर "माझ्या टेबलावर आला नाही" असं मी म्हणाले, तेव्हा तुझी दोन पानं मला आठवत होती. तू माझ्याकडे पाहत होतीस आणि मी पूर्ण शुद्धीत होते. ऑफिसच्या पत्रातला तो शब्द वाचशील तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझ्या समोरच्या टेबलावर बसणारी,
फाईलवाली