धुऱ्यावरचा पाढा

अड्याळ, शनिवार. रोवणीचे दिवस, १९७८

माझ्या लेकीला, कुंदाला, एका जागी बसवलं की सातचा पाढा येत नाही. दोन वर्षं मारून पाहिलं, समजावून पाहिलं. यंदा धानाच्या रोवणीत कळलं, धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, चालत चिखलाच्या बांधीत रोपांची एकेक पेंडी फेकत गेली की पाढा बरोबर येतो. तेव्हा मला रडूच आलं.

हे मी फक्त सुमनला सांगितलं. माझी लहानपणची मैत्रीण, आणि कुंदाची चौथीची बाई. म्हटलं, "वर्गात तिले उभं राहू देत जा. पन कोनाले सांगू नको." तिनं मान हलवली होती.

आज तिनं कुंदाला वर्गापुढे चालायला लावलं, म्हणे. हातात खडू देऊन म्हणाली, "पाहा, आमची कुंदा पेंड्या फेकून पाढे म्हनते." सगळी पोरं हसली. सात एकं सातच्या पुढे पोरीला काही सुचलं नाही. शेजारच्या पोरीनं येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

मान हलवली होती ना तिनं? माझ्यासमोर?

कुंदा जेवली नाही. म्हटलं, "उद्या घरी जाऊन बाईले विचारतो मी."

भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाईले काहून विचारतं, आई? तिले कोनं सांगतलं?"