अंग चोरून चालणारा राक्षस

रविवार, मार्च १९९५, संध्याकाळ

भाच्यानं लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं काढलेली राक्षसाची फिल्म आज सगळ्यांनी बघितली. बंद मिलमध्ये सापडलेली कॅसेट असल्याचं सोंग म्हणे! गोणपाट पांघरलेला राक्षस मीच. भीती सोडा, सगळे खी-खी हसले. शेजारचे मास्तर म्हणाले, "भाऊ, कॅमेरा हलतो ते ठीक आहे, पण मिलच्या एवढ्या मोकळ्या विणकाम खात्यात तुमचा राक्षस अंग चोरून का चालतो? डरपोक आहे काय?" भाचाही हसला. नालायक!

म्हणे, अंग चोरून! बावीस वर्षं याच खात्यात दोन चालत्या मागांच्या मधून तसाच चाललो. कोपर जरा बाहेर गेलं की संपलंच. मास्तरांना काय कळणार, खडू धरणारे हात!

पण मिल बंद पडल्यावर ते माग भंगाराच्या ट्रकवर चढवायला मीच हात लावला होता. तरी रिकाम्या खात्यात तसाच चाललो, मूर्ख.