विरजणाची वाटी

२८ मे १९८४
पोचले एकदाची चंदीगडला! सेक्टर बावीसमध्ये शुभदाबरोबर खोली मिळाली. तीही माझ्यासारखी सांगलीची, इथे शाळेत शिकवते आणि मला थोरल्या बहिणीसारखी दटावते. घरमालकीण बीजींनी आल्या आल्या लस्सीचा पेला हातात दिला. आमच्याकडे तेवढ्यात चौघांचं भागलं असतं!

३० मे
शुभदाला माझं प्रयोगशाळेतलं काम सांगितलं. मातीतले एकपेशी अमीबा. खायला जिवाणू आहेत तोवर प्रत्येकाचं आपापलं चाललेलं असतं. उपासमार झाली की एखादा रसायन सोडतो. शेजारी त्याच्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तेच सोडतात. हाक अशी पुढे जाते, दर सहा मिनिटांनी एक लाट. हजारो गोळा होऊन एकच देह बनतो. मग पाचातला एक मरून देठ होतो, बाकीचे त्याच्यावर चढून तगतात. शुभदा म्हणाली, माणसांपेक्षा बरे. देठाचं मात्र तिला आवडलं नाही.

२ जून
अमृतसरच्या तणावामुळे इथेही संचारबंदी लागणार म्हणतात. माझ्या अमीबांना कोण बघणार? वाटीत घालून घरी आणले, बीजींच्या फ्रिजमध्ये ठेवले. उपाशी राहू नयेत म्हणून वर चमचाभर दही घातलं, त्यातले जिवाणू खातील. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश आहे मी.

४ जून
संचारबंदी. शुभदाने दही लावलं, त्याच वाटीतलं विरजण घेऊन! आधी ती जेवली. मला कळलं तेव्हा माझाही दहीभात अर्धा संपला होता. निरुपद्रवी जीव आहेत, काही होत नाही. लाजेने बोलले नाही. तेवढ्यात बीजींनी आणि गल्लीतल्या सात घरांनी जामन, म्हणजे विरजण, म्हणून वाट्या भरून नेल्या. विरजणाला नाही म्हणू नये, म्हणे. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं.

७ जून
पीठ संपलं. दूध नाही. गल्लीत कुणाकडेच काही नाही. शुभदा सकाळपासून खाटेवर एकाच जागी बसून आहे. बीजी जिन्यात, समोरचे सरदारजी गच्चीवर, सगळ्यांची तोंडं आमच्या खोलीकडे. मधूनच सगळे एकदम एक पाऊल पुढे येतात. घड्याळ लावून पाहिलं.
सहा मिनिटं.

८ जून, सकाळ
पहिला घास शुभदाचा. हाक तिचीच. सगळं कबूल केलं, रडले. ती रागावली नाही. भूक लागल्यावर बोलवायचं नाही तर काय करायचं, म्हणाली.
लोक रस्ता ओलांडताहेत. शिपाई ओरडतोय, कुणी थांबत नाही —

दुपार
दाराला कपाट लावलं. दारावर थाप — एकच, सगळ्यांची मिळून. शुभदाला वाचवायला हवं. गल्लीत चाळीस माणसं. पाचातला एक म्हणजे आठ जण देठ होणार. ती मधोमध —
मीही सरकतेय. खाट दोन हातांवर आली. स्वतःला खिडकीच्या गजाला ओढणीने बांधलंय. गाठ पक्की.
ती म्हणते घाबरू नकोस, जवळ ये —
पाच मिनिटं झाली. ओढणी सैल का — गाठ मीच सोडतेय. डाव्या हाताने. उजवा अजून माझा आहे, तोच लिहितो