हिंमतरावांसाठी अहवाल

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.१०

आजपासून रोजनिशी. प्रोफेशनल माणसाला डॉक्युमेंटेशन हवंच.

सकाळी तामलवाडीचे हिंमतराव आले होते. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने दोस्त. त्यांची वैष्णवी बारावीला आहे आणि तिला माझाच कोर्स करायचाय. ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल मीडिया, तीन वर्षं, पुणे. घातलेला पैका परत येतो का न्हाय तेवढं सांगा महांतेश, म्हणाले. तोंडी सांगण्यात मजा नाही. लेखी अहवाल देतो म्हणालो, आठ दिवसांत.

प्राथमिक आकडे : फी चार लाख ऐंशी हजार. त्यासाठी अप्पांनी लग्नात लावायचे दोन मोठे बेस स्पीकर आणि जनरेटर विकला. ते 'इक्विपमेंट अपग्रेड' या सदरात घेतलं. पदवीनंतरची तीन वर्षांची कमाई एकवीस हजार. ब्रँड व्हॅल्यू तीन लाख (अंदाजे). म्हणजे तोटा फारसा नाही, आणि आहे तो कागदावर.

९ फेब्रुवारी

अप्पांचा आवाज दिवाळीपासून बसलाय. कल्याणप्पा स्पीकरवाले म्हटलं की जळकोटात कुणीही घर दाखवतं. तीस वर्षं लग्नं पुकारतात. अक्षता कुणाला पोचल्या नाहीत, कोणत्या गावची पंगत बसायची, कुणाच्या मामांनी पुढं यायचं, सगळं तोंडपाठ. अक्कलकोटकडचे पाहुणे असले की कानडीत सुरू होतात. टेक्निक मात्र शून्य. माइक ओठाला चिकटवतात.

आज त्यांना व्हॉइस कल्चरच्या नोट्स वाचून दाखवल्या. माइकपासून चार बोटं अंतर, दिवसातून तीनदा मिठाच्या गुळण्या. अव्वा, म्हणजे आई, म्हणाली डॉक्टरला दाखव. म्हटलं पंधरा दिवस थांब, हा माझा विषय आहे.

२४ फेब्रुवारी

पंधरा दिवस झाले. आज सोलापूरला दाखवलं. गाठ आहे. साधी नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणाले. तारीख १८ मार्च. डॉक्टरांनी विचारलं, काय करता. मी सांगितलं, ब्रॉडकास्टिंगमध्ये आहेत. अप्पा म्हणाले, स्पीकर लावतो साहेब.

येताना एसटी नळदुर्गला थांबली. अप्पा म्हणाले, उमाचं लगीन सत्तावीस एप्रिलला हाय. दुसऱ्याच्या लेकींची लई लग्नं पुकारली म्या. माझ्या लेकीचं मुक्यानं बघू व्हय? तुझ्या मशिनीत माझं बोलणं भरून ठेव. त्या दिवशी लाव.

मला रडू आलं. खिडकीकडं तोंड केलं. पण खरं लिहायचं तर बरंही वाटलं. घरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पदवीचं काम काढलं. हातात बावीस दिवस आहेत आणि काम एका तासाचं. अहवालात 'कौटुंबिक लाभ' हे नवं सदर उघडलं.

१ मार्च

स्क्रिप्ट तयार. चौदा पानं. अप्पांनी पहिलं पान वाचून विचारलं, उपस्थित मान्यवर म्हणजे कोण रे? आपल्यात तर पाहुणे येतेत.

फोनमधीच भर की, आत्ता बोलतो, म्हणाले. मी साफ नकार दिला. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला फोनचा आवाज लावायचा तर शिकलो कशाला? कंडेन्सर माइक मागवला. हप्त्यावर.

हिंमतरावांचा फोन. अहवाल अंतिम टप्प्यात आहे असं सांगितलं.

६ मार्च

खोलीत आवाज घुमतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की घुमत नाही, सेकंड इयरला शिकवलंय. नळदुर्गहून साठ रिकामे ट्रे आणले. अव्वानं उंबऱ्यातच अडवलं. लिंगायताच्या घरात, देवघराच्या भिंतीला अंडी डकवतो व्हय तू? अंडी नाहीत, पुठ्ठा आहे, असं तीनदा सांगितलं. तिनं मला अंगणातच अंघोळ करायला लावली आणि उंबरा धुऊन काढला. उमा पोट धरून हसत होती. अप्पाही हसले, पण आवाज आला नाही, नुसता वारा.

असल्या घरात टॅलेंट टिकायचं कसं. ट्रे शेजारच्या शेडमध्ये टाकून दिले. उद्यापासून भिंतींना वाकळा बांधणार.

१० मार्च

वाकळा बांधल्या. माइक आला. वायर दुसऱ्याच माइकची आली. आठ दिवस आहेत अजून, घाई करून काम बिघडवायचं नाही. अप्पा सकाळपासून दोनदा खोलीत डोकावून गेले.

१२ मार्च, संध्याकाळी ५.३०

वायर मिळाली, रेकॉर्डिंग झालं. म्हणजे व्हायचं राहिलं.

अप्पा नवं धोतर नेसून, पटका बांधून बसले. रेडिओवर कपडे दिसत नाहीत हे मी सांगितलं, तरी. स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि आपल्याच पद्धतीनं सुरू झाले. टेक एक : हायवेवर ट्रकचा हॉर्न. टेक दोन : अव्वाचा कुकर. टेक तीन : खोकला. टेक चार सर्वांत लांब गेला. सगळ्या गावांची नावं घेतली, ढोकीकर, तामलवाडीकर, कानडी पाहुणे. शेवटी 'आमची उमा' म्हणाले आणि पुढं बोलताच येईना. बराच वेळ नुसता श्वास. इमोशन ओव्हर झालं, शिवाय पीक लेव्हल लाल, म्हणजे आवाज फाटला. टेक पाच आणि सहा घोगरे.

आमचे सर म्हणायचे, खराब टेक मागं ठेवायचा नाही, ठेवला की माणूस त्यावरच समाधान मानतो. सहाही डिलीट केले, कॉम्प्युटरची रिसायकल बिनही रिकामी केली. अप्पा हळूच म्हणाले, चौथं बरं झालं होतं की रे. त्यांचा कान तयार नाही, त्याला ते काय करणार. उद्या फ्रेश घेऊ म्हणालो.

१३ मार्च

अप्पांचा आवाज उठलाच नाही. कुजबुज येते फक्त. विश्रांती दिली. परवा नक्की.

१४ मार्च

धूळवड. दिवसभर गल्लीत डीजे. आज कसं शक्य होतं.

१६ मार्च

पहाटे अप्पांना श्वास लागला. जीप करून सोलापूर. थांबता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, दुपारीच ऑपरेशनला आत घेतलं. स्ट्रेचरवरून त्यांनी माझ्याकडं बघून ओठ हलवले. मला समजलं नाही. समजलं असं दाखवून मान हलवली.

१९ मार्च

ऑपरेशन उत्तम झालं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. अव्वानं पाटी आणून दिली. पाटीवर पहिलं काय लिहावं त्यांनी? 'लग्नाचं भरलंस ना?'

एडिटिंग चालू आहे, असं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. चेहरा निवांत झाला.

२ एप्रिल

मार्ग सापडला. एक मिनिटाचा नमुना मिळाला की कॉम्प्युटर अप्पांच्या आवाजात हवं ते बोलतो. तीस वर्षं माइकवर बोललेला माणूस, एक मिनिट सापडणार नाही? लग्नांचे व्हिडिओ घराघरात पडलेत. उलट हे आधीपेक्षा क्लीन होईल. अहवालात 'एआय कौशल्य' घातलं, पन्नास हजार.

११ एप्रिल

चौदा घरं फिरलो. ढोकीपर्यंत जाऊन आलो. पेन ड्राइव्ह, सीडी, जुनी कॅसेटसुद्धा. अप्पा सगळ्यांत दिसतात. मांडवाच्या खांबाला टेकून, माइक ओठाला चिकटवून. ऐकू कुठंच येत नाहीत. सगळ्या लग्नांवर गाणी चढवलेली आहेत. मूळ आवाज बंद करून वर गाणं टाकायचं, आमच्याकडं लग्नाचं एडिटिंग असंच करतात.

त्यातली नऊ लग्नं मी एडिट केली आहेत. ओरिजिनल फुटेज मीच उडवलं, जागा व्हावी म्हणून. अप्पांचा आवाज येत होता तेव्हा मी त्याला डिस्टर्बन्स म्हणत होतो.

आज जेवलो नाही.

२७ एप्रिल, संध्याकाळ

उमाचं लग्न झालं.

माइक मी घेतला. उपस्थित मान्यवरांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा, असं तीनदा म्हणालो. कुणी उठेना. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी सांगताहेत. शेवटी अप्पा खुर्चीतून उठले, गळ्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि एकेकाचा हात धरून पंगतीला बसवत गेले. कानडी पाहुण्यांना, ढोकीकरांना, सगळ्यांना. घामानं भिजले होते. मी माइक धरून उभा.

निघताना उमानं मला बाजूला घेतलं. दादा, अप्पांचं भरलेलं लावलंच न्हायस की, म्हणाली. तिला अव्वानं सांगून ठेवलं होतं. पेन ड्राइव्ह खराब झाला म्हणालो. तिनं पदर सावरला. मग गाडीत जाऊन बसली.

४ मे, दुपारी

हिंमतराव आले. अहवाल राहू द्या, एका शब्दात सांगा, म्हणाले. परवा मंगळवारी पुण्याला जाऊन सीट बुक करायची आहे, एक एकर मोडून पैसे आणलेत. तुम्ही शिकलात, तुम्हांलाच ठावं.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात अप्पांनी पाटी घेतली आणि वेळ लावून, नीट अक्षरात लिहिलं : 'कोर्स लई चांगला हाय. आमच्या महांतेशनं माझा सगळा आवाज भरून ठेवलाय.'

हिंमतरावांनी वाचलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. वैष्णवीचं नक्की मग, म्हणाले. अव्वानं चहा आणला. अप्पांनी पाटी पुसली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. त्यांना कधी कळलं, कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. हिंमतराव एसटीला गेले तेव्हाही मी दारातच होतो.

मंगळवारच्या आत फोन करून त्यांना खरं सांगायचं. आधी मुद्दे नीट काढायला हवेत.