भावोजींच्या गिबोशीची खुशाली

तीर्थस्वरूप फुमिएताईस,

धाकट्या शिगेजीचा चटईला कपाळ टेकून नमस्कार. (कपाळ खरोखरच टेकलं आहे. का, ते पुढे कळेलच.)

डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी भातखाचरांत उतरलं आहे, बेडकांना कंठ फुटला आहे, आणि अशा या सुंदर दिवसांत तुझे गुडघे कसे आहेत? सेंदाईचे डॉक्टर काय म्हणतात? हिदेतोच्या नव्या घराला चौदा पायऱ्या आहेत असं तू कळवलंस, तेव्हापासून मला त्या पायऱ्यांची काळजी लागून राहिली आहे. त्याला म्हणावं, आईला वर राहायला दे आणि खाली उतरूच देऊ नकोस. सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे, भूकही चांगली लागते. (भुकेचा विषय तूर्त इथेच थांबवतो.) पत्रास कारण असं काही नाही, अशी सुरुवात करणार होतो, पण तू लगेच म्हणाली असतीस, शिग्या, कारण नसताना तू आयुष्यात कधी पोस्टाचं तिकीट चिकटवलं आहेस का? तेव्हा कारण आहे. जूनच्या नऊ तारखेला भावोजींच्या पुण्यतिथीला तू येणार, आणि जाताना त्यांचं ते रुंद पानांचं लाडकं झाड, ती गिबोशी, हिदेतोच्या घरी लावायला घेऊन जाणार, हे तुझं पत्र पोचलं. म्हणून तिची खुशाली कळवतो आहे.

आधी हे सांगतो की काळजी घेण्यात मी काडीची कसर ठेवली नाही. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या हवाली करताना तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होतीस की माझ्या नवऱ्याने ही दरीत उतरून, घोटा मोडून आणली, अठरा वर्षं वाढवली, आणि तुझ्या हाती ती दोन महिने टिकली तरी पुष्कळ. ते मला लागलं होतं. म्हणून मी शहरातून पुस्तक मागवलं. घरामागे उत्तरेला, मेपलच्या खाली, जिथे सकाळचं कोवळं ऊन जेमतेम तासभर येतं आणि दुपारचं अजिबात नाही, अशी जागा निवडली. उन्हाळ्यात पश्चिमेकडून तिरीप येते असं दिसलं तर बोरूचा पडदा बांधला. (माझ्या स्वतःच्या खोलीला पडदा नाही.) कुजलेल्या पानांचं खत घातलं, पाणी पानांवर न घालता मुळाशी घातलं. मग आल्या त्या बिनशंखाच्या गोगलगायी. त्या पानांची चाळण करतात. बशीत बिअर ओतून ठेवली की त्यात पडून मरतात, असं पुस्तकात होतं. पहिल्या दिवशी मी अर्धी बाटली त्यांना दिली आणि अर्धी स्वतः घेतली. सकाळी त्यांच्यातल्या अकरा मेलेल्या होत्या आणि मी जिवंत होतो, तेव्हा प्रमाण योग्य आहे असं ठरवून पूर्ण उन्हाळा तेच चालू ठेवलं. गेल्या वर्षी पानं ताटाएवढी झाली होती, आणि प्रत्येकीला तो भावोजींचा लाडका पांढरा काठ, असा की शिंप्याने लावावा. तू पाहिलीच आहेस.

यंदा एप्रिलच्या शेवटी कोंब वर आले, अंगठ्याएवढे जाड, एकूण सतरा. आणि नेमकं तेव्हाच रेडिओवर सांगितलं की तीन दिवस हिमकडाका पडणार. कोवळे कोंब गारठले की वर्षाची पानं गेली. मी बूड निघालेलं जुनं लाकडी पिंप तिच्याभोवती बसवलं आणि वरपर्यंत भाताचं तूस भरलं. दुलईत बाळ झोपवावं तसं. (ताई, तू गावची मुलगी आहेस, तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. मी चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, शेती केली नाही.) कडाका काही पडलाच नाही, उलट ऊबच आली, पण रेडिओ रोज "उद्या पडेल" म्हणत राहिला आणि मी आठ-दहा दिवस तूस काढलं नाही.

आता थोडं विषयांतर. एका दुपारी दार उघडलं तर उंबऱ्याशी झाकलेली वाटी. शेजारच्या मात्सुयोकाकूंची असणार, त्या भाजी ठेवतात आणि हाक न मारता जातात, हे तुला ठाऊकच आहे. आत उरुई. उरुई म्हणजे गिबोशीचेच कोवळे कोंब, हे मी तुला काय सांगावं! (डोंगरातली साधी हिरवी गिबोशी. असं मी धरून चाललो.) पण ही उरुई काही औरच होती. पांढरीशुभ्र, कुरकुरीत, दाताखाली किंचित बुळबुळीत, वर व्हिनेगर घालून कालवलेला मिसो. मी उभ्या उभ्या वाटी संपवली. आता वाटी रिकामी परत करायची नाही, हे तूच मला कान धरून शिकवलंस. म्हणून तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांची तीन पाकिटं आत ठेवली, आणि वर चिठ्ठी लिहिली: "अशी उरुई जन्मात खाल्ली नाही. एवढ्याशाने समाधान कसं व्हावं?" निव्वळ सौजन्य गं! वाचणाऱ्याने त्यावर कृती करावी असा त्यात काहीच हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशी वाडगा आला, वाटीच्या दुप्पट. तोही संपवला.

तिसऱ्या दिवशी रेडिओने माघार घेतली. मी मोठ्या थाटात पिंप उचललं, तूस हाताने बाजूला सारलं, आणि खाली सतरा खुंट. जमिनीलगत, सरळ कापलेले.

ताई, मी तिथेच मातीत बसलो. मग उठलो आणि तडक वस्तीप्रमुखांकडे गेलो. रानबोकड उतरला आहे, त्याने झाड खाल्लं, असं सांगितलं. बोकड पिंपात शिरून वर पुन्हा तूस कसं भरेल, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही नाही. त्यांनी लगेच कर्ण्यावरून सगळ्या खोऱ्याला कळवलं की शिगेजींच्या अंगणात रानबोकड आला आहे, दारं लावून घ्या, लेकरं आत घ्या. दहा मिनिटांत माझ्या दारात आठ माणसं काठ्या घेऊन उभी. सगळ्यात पुढे मात्सुयोकाकू, वय वर्षं चौऱ्याऐंशी, हातात विळा.

काकूंनी घरामागे येऊन खुंट पाहिले आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी लहान झालो. "बोकड कुठला आलाय? विळ्याचा काप ओळखता येत नाही होय रे तुला? मी कापली. दोनदा कापली. समाधान होत नाही म्हणून तूच लिहून पाठवलंस ना!" मी कसंबसं म्हटलं, काकू, ती खायची नव्हती. "मग तुसात कशाला पुरलीस? तुसात घालतात ती पांढरी करून खायलाच घालतात, अख्ख्या खोऱ्यात कुणालाही विचार! म्हटलं, एकटा बाप्या, कापायचं ह्याला सुचायचं नाही, दोन दिवसांत राठ होईल. म्हणून मी हे मेले गुडघे टेकून कापली, निवडली, वर मिसो माझ्या घरचा, आणि तू माझ्यावर बोकड सोडतोस?" बाकीची सगळी माणसं हसायला लागली. मी हळूच सांगितलं की ती तोकुजी भावोजींची होती.

हसणं थांबलं. काकूंच्या हातातला विळा खाली पडला. "तोकुजीची? त्या पांढऱ्या काठाची?" म्हणाल्या. "अगं बाई गं! तुसात सगळीच पांढरी दिसली रे मला." आणि पायरीवर बसून त्यांनी पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. मीही रडलो, लपवत नाही. व्हिनेगर-मिसोत कालवून मी भावोजींनाच खाल्लं असं मला वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, फार चविष्ट लागले होते.

पुढचे दिवस फार वाईट गेले. एकदा मनात पाप आलं. शहरातल्या रोपवाटिकेत जाऊन पांढऱ्या काठाची एक विकतही आणली. पण तिला घरामागे ठेवून तुझ्या नजरेने पाहिलं आणि लगेच वस्तीप्रमुखांच्या बायकोला देऊन टाकली. तू पहिल्या पानालाच ओळखलं असतंस. मात्सुयोकाकू मात्र रोज सकाळी येत. येताना भाताच्या कोंड्याचं खत आणत, उपड्या बादलीवर बसत, आणि खुंटांना रागावत: "काय मेलं रुसायचं ते, मी म्हातारी आहे, माझ्यासाठी तरी ये." आणि ताई, एकवीस मेच्या सकाळी आली! एक टोक, मग दुसरं. काल मोजली तर सहा पानं उलगडली आहेत. बशीएवढीच आहेत, पण काठ पांढरा आहे. सहाच्या सहा पानांना. काकूंनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, आता तुसाला हात लावलास तर तुझाच हात कापीन.

तेव्हा गिबोशी खुशाल आहे. नऊ तारखेला तुला ती लहान दिसेल, दचकू नकोस. काकूंना काही बोलू नकोस, त्यांची झोप उडाली आहे. मला बोल. सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुझा अपराधी भाऊ,
शिगेजी

ता.क. ती यंदा सेंदाईला न्यावी असं मला वाटत नाही. एकदा कापलेलं झाड त्याच वर्षी हलवणं धोक्याचं. शिवाय सेंदाईचा वारा खारा, तिथे बर्फही नीट पडत नाही, आणि तिला हिवाळ्यात अंगावर चार हात बर्फ असल्याशिवाय झोप लागत नाही. हिदेतोच्या पायऱ्यांवरून ती वर नेणार तरी कोण?

आणखी ता.क. वरचं सगळं खोटं आहे. मी रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, गिबोशी कापा, तोडा, दुभागून न्या, सावली मिळाली की ती कुठेही जगते.

शेवटचा ता.क. खरं लिहितो. भावोजी गेल्यापासून तू पाच वेळा गावी आलीस. पाचही वेळा पिशवी दारात टाकून आधी घरामागे गेलीस, तिथे बराच वेळ बसलीस, आणि मग चहाला आत आलीस. तू तिला भेटायला येतेस, मला नाही, हे मला कळतं आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण ती सेंदाईला गेली तर तू इथे कशाला येशील, ताई? मला करमत नाही गं. कुदळ आणू नकोस. चार दिवसांचे कपडे आण.